गौतमीपुत्र सातकर्णीचं चरित्र कुठून सुरू करायचं?

तुम्ही लिहिलंय की शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी सातवाहन घराण्यातल्या गौतमीपुत्र सातकर्णी राजावर पाऊण तासाचं नाटक लिहायला घेतलंय. जन्म, बालपण, राज्याभिषेक, नहपानाशी लढाई, विजय आणि मृत्यू असे सहा प्रवेश ठरवलेत आणि पहिल्याच प्रवेशाला अडल्या आहात. जन्माचं वर्ष एके ठिकाणी एक मिळतं, दुसरीकडे भलतंच. कुणी त्याला शालिवाहन शकाचा कर्ता म्हणतं, कुणी ते खोडून काढतं. कुणी त्याला तिन्ही समुद्रांपर्यंतचा सम्राट करतं, कुणी दख्खनपुरता ठेवतं. शेवटी तुमचा प्रश्न आहे, "यातलं खरं चरित्र कोणतं धरू?"

मी गेली अठ्ठावीस वर्षं जुनी नाणी आणि ब्राह्मी लेख वाचतो. हा प्रश्न माझ्याकडे दर वर्षी कुणी ना कुणी घेऊन येतं, आणि अडचण बहुतेक वेळा एकच असते. शिवाजी महाराजांचं चरित्र जसं जन्मापासून सांगता येतं तसं या राजाचंही येईल, असं आपण धरून चालतो. पण त्याच्यावर बखर नाही, दरबारी कवीचं काव्य नाही, परदेशी वकिलाची पत्रं नाहीत. त्याचा जन्म, बालपण, गुरू, लग्न, अभिषेक, मृत्यू यांतल्या एकाही घटनेची समकालीन नोंद नाही. या गोष्टी जिथे तपशिलाने वाचायला मिळतात तिथे त्या कुणीतरी रचलेल्या आहेत. म्हणजे तुमच्या सहा प्रवेशांपैकी चारांना आधारच नाही. उरलेल्या दोनांना मात्र असा आधार आहे की प्राचीन भारतातल्या फार थोड्या राजांच्या वाट्याला तसा आला असेल.

तुम्ही यातून काय करणार त्यावरही उत्तर थोडं बदलतं. स्पर्धा परीक्षेची तयारी असती तर मी सांगितलं असतं की तुमच्या क्रमिक पुस्तकातल्या तारखा पाठ करा, वादात पडू नका. संशोधनाचा लेख असता तर प्रत्येक शब्दाचे दोन-तीन अर्थ देऊन थांबलो असतो. नाटकाला कल्पना लागते आणि तिला माझी हरकत नाही. फक्त मुलांच्या तोंडी जाणारं वाक्य पुराव्यातलं कोणतं आणि तुमचं कोणतं, हे तुम्हाला स्वतःला पक्कं माहीत हवं.

माझी पद्धत साधी आहे. साधनं राजाच्या किती जवळची आहेत त्या क्रमाने मांडायची. सर्वांत जवळ त्याने स्वतः काढलेले हुकूम. त्यांच्या बरोबरीने त्याच्या शिक्क्याची नाणी. त्यानंतर त्याच्या आईचा लेख, कारण तो नातवाच्या कारकिर्दीत कोरला गेला. मग शत्रुपक्षाचे लेख. सर्वांत लांब पुराणातल्या याद्या आणि दंतकथा. लांबचं साधन जवळच्याशी भांडायला लागलं की जवळच्याचं ऐकायचं. उदाहरण द्यायचं तर पुराणांच्या यादीत गौतमीपुत्राला २१ वर्षांचं राज्य दिलंय, आणि नाशिकच्या लेण्यात त्याच्या २४व्या राज्यवर्षाचा हुकूम कोरलेला आहे. तिथे वाद मिटतो.

आता त्या हुकुमांकडे येऊ, कारण तुमचं नाटक माझ्या मते तिथूनच सुरू व्हायला हवं.

नाशिकची पांडवलेणी तुम्ही पाहिली असतील. त्या डोंगराचं जुनं नाव लेखांमध्ये तिरण्हु असं येतं, त्याचंच संस्कृत रूप त्रिरश्मी. तिथल्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याच्या व्हरांड्यात गौतमीपुत्राचे दोन हुकूम आहेत. पहिला त्याच्या राज्याच्या १८व्या वर्षाचा, पावसाळ्याच्या दुसऱ्या पक्षाचा पहिला दिवस. तो राजवाड्यातून निघालेला नाही. तो निघालाय सैन्याच्या विजयी छावणीतून. (इथल्या 'वेजयंती' या शब्दाचा अर्थ काही अभ्यासक वैजयंती नावाचं नगर असा करतात, मला 'विजयी' हा सरळ अर्थ पटतो.) हुकूम आहे गोवर्धन इथल्या अमात्याला, विष्णुपालिताला. गोवर्धन म्हणजे आजच्या नाशिकचा परिसर. आणि मजकूर काय? पश्चिम कखडी गावातलं जे शेत आजवर उसभदात भोगत होता, त्यातली २०० निवर्तनं (निवर्तन हे त्या काळचं जमिनीचं माप) जमीन या डोंगरावरच्या भिक्षूंना द्यावी. त्या शेतात सरकारी माणसांनी शिरू नये, हात लावू नये, मिठासाठी खणू नये.

मी हा लेख पहिल्यांदा वाचला तेव्हा 'आजवर' याच शब्दाशी थांबलो होतो. मुळात तो 'अजकालकियं' असा आहे. उसभदात म्हणजे उषवदात, क्षहरात वंशातल्या नहपान या क्षत्रपाचा, म्हणजे शक सत्ताधीशाचा जावई, त्याच्या दक्षमित्रा या मुलीचा नवरा. हा भाग काल-परवापर्यंत त्याच्या हाती होता. राजा अजून तंबूत आहे, पावसाळा लागलाय, आणि तो शत्रूच्या जावयाची जमीन नव्याने वाटून देतोय. कार्ल्यालाही मामाडच्या, म्हणजे मावळच्या अमात्याला १८व्या वर्षीच दिलेला असा हुकूम आहे. तिथे सुरुवातीचा भाग तुटून राजाचं नाव गेलंय, पण तो याच राजाचा मानला जातो. त्यात करजक गाव वलुरकच्या, म्हणजे कार्ल्याच्या भिक्षूंना दिलंय. हेच गाव आधी उषवदाताने दिलं होतं. म्हणजे नाशिक आणि मावळ हे दोन्ही भाग एकाच मोहिमेत हाती आले आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथला कारभार या राजाच्या नावाने सुरू झाला.

तुम्हाला युद्धाचा प्रसंग हवाय. माझं म्हणणं, तलवारबाजी दाखवू नका. तंबू दाखवा, बाहेर पाऊस दाखवा, आणि हुकूम सांगणारा राजा दाखवा. लढाई कुठे झाली, किती दिवस चालली, कोण कुठून चालून आलं, यातलं कोणत्याही लेखात काही नाही. तंबू मात्र आहे.

आधीची १७ वर्षं तो काय करत होता, असं मुलं विचारतील. त्या वर्षांचा हुकूम नाही. पण त्याची हत्तीछाप नाणी विदर्भात भरपूर सापडतात, वाशीम जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याच्या साठ्यात तर ती शेकड्यांनी होती. नाशिकच्या लेखात तो स्वतःला 'बेनाकटकस्वामी' म्हणवतो, आणि हे बेनाकटक म्हणजे वैनगंगेचा काठ असं अनेक अभ्यासक मानतात. पश्चिमेकडचा मुलूख, बंदरं आणि घाट क्षत्रपांनी घेतल्यावर सातवाहन पूर्वेकडे सरकले आणि तिथे ताकद जमवून परत आले, हे चित्र मला सर्वांत सुसंगत वाटतं. हा माझा तर्क आहे. नाटकात वापरा, पण एखाद्या पात्राच्या आठवणीतून येऊ द्या.

भांडण कशावरून होतं हे समजलं की पुढचं सोपं होतं. त्या काळी रोमन जगाशी व्यापार जोरात होता. कापड, मसाले, रत्नं घाटमाथ्यावरून नाणेघाटासारख्या वाटांनी खाली कल्याण-सोपाऱ्याला उतरायची. एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहून ठेवलेली बंदरांची माहिती आज उपलब्ध आहे. तो सांगतो की कल्याणला जाणारी ग्रीक जहाजं अडवून पहाऱ्याखाली भडोचला नेली जात. भडोच नहपानाच्या ताब्यात. म्हणजे सातवाहनांचं बंदर कोरडं पाडायचं आणि जकात आपल्याकडे वळवायची. जमिनीपेक्षा हा घाव मोठा होता.

पण इथे एक सावधगिरी, आणि तुमच्या मुलांसाठी मला ती फार महत्त्वाची वाटते. नहपानाच्या पक्षाला नाटकात राक्षस करू नका. त्याच पांडवलेण्यात दहाव्या क्रमांकाचं लेणं उषवदाताने कोरवून घेतलंय आणि त्याच्या लेखांत त्याने काय काय केलं ते वाचायला मिळतं. ३,००,००० गाई दान. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा इथे प्रवाशांसाठी निवारे. दमण, तापी, डहाणू अशा नद्यांवर फुकट नावा. डहाणूचं नाव लेखात 'दाहनुका' असं आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचं. आणि गोवर्धनातल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिकांच्या संघाकडे, त्याने २,००० कार्षापण (त्या काळची नाणी) कायमची ठेव ठेवली, महिना शेकडा १ व्याजाने. म्हणजे वर्षाचे २४० कार्षापण, त्यातून लेण्यातल्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. हिशोब चोख जुळतो, मी तो शाळेतल्या मुलांकडून फळ्यावर करून घेतो. असा माणूस हरला. त्याचं दान खोटं नव्हतं, आणि त्याचा पराभवही खोटा नाही. दोन्ही एकाच वेळी दाखवता आलं तर नाटक उभं राहील.

आता नाणी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, माझं आयुष्य त्यांच्यात गेलंय.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभी गावी, दारणा आणि गोदावरी मिळतात त्या भागात, चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. १३ हजारांहून जास्त नाणी, सगळी नहपानाची. त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने पुन्हा आपला छाप मारलेला. नहपानाच्या मूळ नाण्यावर एका बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी या लिप्यांत त्याचं नाव. त्यावर गौतमीपुत्राने एका बाजूला तीन कमानींचा डोंगर उठवला, भोवती 'रञो गोतमिपुतस सिरि सातकणिस', आणि दुसऱ्या बाजूला चार वर्तुळांचं चिन्ह, ज्याला आम्ही उज्जैनी चिन्ह म्हणतो.

असं नाणं भिंगाखाली धरलं की एकाच चकतीवर दोन राज्यं दिसतात. डोंगराच्या कमानीखालून नहपानाचं नाक डोकावतं, 'सातकणिस'च्या मागून ग्रीक अक्षराचा तुकडा. छाप कधी मध्यभागी, कधी काठावर घसरलेला, कधी तिरपा. घाईत हजारो नाणी हाताखालून गेली की असंच होतं.

माझ्याकडे येणारे लोक विचारतात, नाणी वितळवून नवीन का पाडली नाहीत? माझं उत्तर असं. वितळवायचं तर भट्ट्या लागतात, कारागीर लागतात, वेळ लागतो, थोडी धातू वाया जाते, आणि तोवर बाजारात नाणं नसतं. गोवर्धनात विणकरांच्या श्रेणीकडे ठेवी होत्या, व्याज चालू होतं, देणी-घेणी याच चांदीत होत होती. राजाने वजन आणि चांदी तशीच ठेवली, नाव बदललं. व्यापाऱ्याचं नुकसान नाही, आणि दर व्यवहाराला हातात येणाऱ्या चकतीवर नव्या राजाचं नाव. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनाही चेहऱ्यावर उमटलेला डोंगर समजत होता.

त्याच साठ्यात छाप न मारलेली ४ हजारांच्या आसपास नाणी आहेत, हेही सांगायला हवं. म्हणजे दोन्ही प्रकार निदान काही काळ बरोबरच चालत होते. हा साठा युद्धाच्या रात्री कुणी घाबरून पुरला, अशा गोष्टी वाचायला मिळतात. छाप मारलेली नाणी त्यात आहेत म्हटल्यावर तो युद्धानंतरच पुरला गेला, एवढं नक्की म्हणता येतं. पुरणारा कोण होता ते नाण्यांवर लिहिलेलं नाही.

एक अनुभव सांगतो. एकदा एक संग्राहक असं एक नाणं घेऊन आले, चांगले पैसे मोजून घेतलेलं. वरचा छाप स्वच्छ, अक्षरं ठसठशीत, आणि खालचा चेहराही तितकाच स्वच्छ. तिथेच शंका आली. खरा छाप घणाच्या घावाने बसतो, त्यामुळे खालचं चित्र दबतं, पसरतं, काही ठिकाणी नाहीसं होतं. दोन्ही चित्रं एकमेकांना न दुखावता शेजारी बसली असतील तर ते नाणं ओतलेलं असतं. तुम्ही नाटकात सजावटीसाठी मोठं नाणं करणार असाल तर हे लक्षात ठेवा, खालचा चेहरा चेपलेला काढा.

एवढ्यावर तुमच्याकडे दोन पक्के प्रसंग आले, पावसातली छावणी आणि टांकसाळ. तिसरा मला या सर्वांहून प्रिय आहे.

सहा वर्षं गेली. राज्याचं २४वं वर्ष. त्याच लेण्यात पुन्हा एक हुकूम, या वेळी श्यामक नावाच्या अमात्याला. हुकूम काढणारे दोघं आहेत, राजा गौतमीपुत्र सातकर्णी आणि 'जीवसुता' राजमाता, म्हणजे जिचा मुलगा हयात आहे अशी आई. सुरुवातीलाच म्हटलंय की अमात्याला आधी आरोग्य विचारावं आणि मग असं सांगावं. पुढचा मजकूर माझ्या शब्दांत: इथे तिरण्हु डोंगरावर आमच्या धर्मदानाच्या लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंना पूर्वी कखडी गावात शेत दिलं होतं, "त च खेत न कसते, सो च गामो न वसति." ते शेत कुणी कसत नाही, ते गाव वसत नाही. म्हणून आता नगराच्या सीमेवर आमच्या मालकीचं जे राजशेत आहे त्यातली १०० निवर्तनं त्यांना द्या.

ते प्राकृत वाक्य पुन्हा एकदा मोठ्याने वाचून पाहा. 'न कसते', 'न वसति'. आपण आजही जमीन कसतो आणि गाव वसतं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजाचा हुकूम शेतकऱ्याच्या पोराला भाषांतराशिवाय अर्धा कळतो. मी लेण्यात मुलांना घेऊन जातो तेव्हा हे वाक्य त्यांच्याकडून म्हणवून घेतो. कसते म्हणजे काय, हे बाई-सरांच्या आधी पोरं सांगतात.

आणि यात राजा कसा दिसतो बघा. ज्याला पुढे तिन्ही समुद्रांचा स्वामी म्हटलं गेलं, त्याने दिलेलं दान फुकट गेलंय. गाव ओस पडलंय. का पडलं ते लेख सांगत नाही, पण दोन सत्तांच्या मधल्या टापूत सहा वर्षांपूर्वी काय घडून गेलंय ते आपल्याला माहीत आहे. कागदावर २०० निवर्तनं दिसत होती, पण भिक्षूंच्या पदरात काही पडत नव्हतं. राजाने चूक मान्य केली आणि दुसरी जमीन दिली, आधीच्या निम्मी, पण गावाला लागून, पिकणारी. विजयाच्या वर्णनांत ही गोष्ट कुठेच येत नाही, म्हणून ती मला जास्त खरी वाटते.

आईचं नाव या हुकुमात का आलं, यावर मतभेद आहेत. राजा आजारी असावा आणि आई कारभार बघत असावी, असं काही अभ्यासक म्हणतात. 'जीवसुता' या शब्दावरून एवढा डोलारा उभारायला मी कचरतो. तो मानाचा शब्दही असू शकतो, सौभाग्यवतीसारखा. पण आईचा शब्द राज्यात चालत होता हे मात्र या हुकुमावरून उघड आहे.

ओघाने तुमच्या आणखी एका शंकेचं उत्तर. 'गौतमीपुत्र' हे नाव आहे म्हणून सातवाहनांत राज्य आईकडून मुलीकडे जात होतं, असं काही नाही. राज्य बापाकडून मुलाकडेच जायचं. गौतमी हे आईच्या माहेरच्या गोत्रावरून आलेलं नाव. त्याचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी, म्हणजे त्याची आई वासिष्ठी. वेगवेगळ्या राण्यांच्या मुलांना ओळखायला ही सोय होती. राजाच्या बापाचं नाव मात्र लेखांत येत नाही, म्हणून नाटकात बापाचं पात्र घालायचं असेल तर त्याला नाव देऊ नका.

आता आईचा लेख. हा सर्वांत प्रसिद्ध, आणि सर्वांत चुकीचा वापरला जाणाराही. पुळुमावीच्या १९व्या वर्षी, उन्हाळ्याच्या दुसऱ्या पक्षाच्या १३व्या दिवशी, गौतमी बलश्रीने तिसरं लेणं भद्रायणीय शाखेच्या भिक्षुसंघाला अर्पण केलं. तेव्हा ती महाराजाची माता आणि महाराजाची आजी होती. मुलगा जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेण्याच्या खर्चासाठी नातवाने पिसाजिपदक नावाचं गाव दिलं, बापाच्या पुण्यासाठी आणि आजीला आवडावं म्हणून. आजीसाठी लेखात शब्द आहे 'अयका'.

त्या लेखात आईने मुलाचं जे वर्णन केलंय ते प्रशस्ती आहे. प्रशस्तीला प्रशस्ती म्हणूनच वाचायला हवं. राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्यासारखा पराक्रमी. पूर्ण चंद्रासारखा तेजस्वी. नागराजाच्या वेटोळ्यासारखे पुष्ट, लांब बाहू. हे साचे आहेत, यावरून राजाचं रूप कळत नाही. पण मधेच असे शब्द येतात जे साच्यातले वाटत नाहीत. अभय देताना सोडलेल्या पाण्याने ज्याचा हात सदा ओला असे. अपराध केलेल्या शत्रूचाही जीव घेण्याची ज्याला आवड नव्हती. धर्माला धरून जो कर घेई. आईची सेवा ज्याने कधी टाळली नाही. शेवटचं विशेषण दुसऱ्या कुणी लिहिलं असतं असं मला वाटत नाही.

एका पावसाळ्यात काही पालकांना तिथे घेऊन गेलो होतो. विजेरी भिंतीला टेकवून तिरपी धरली की अक्षरांच्या खोबणीत सावली पडते आणि लेख उठून दिसतो. तसा तो वाचून दाखवत होतो. एक वयस्क बाई बराच वेळ गप्प उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे हे आईनं लिवलंय व्हय, पोरगा गेल्यावर?" मी हो म्हणालो. त्यानंतर त्या लेखाकडे मी नुसता राजकीय पुरावा म्हणून कधी पाहू शकलो नाही.

राज्याच्या विस्ताराचं उत्तरही याच लेखात आहे. त्यात प्रदेशांची एक यादी आहे आणि पर्वतांची दुसरी, आणि लोक त्या दोन्ही एकत्र करतात. प्रदेश असे: असिक, असक म्हणजे अश्मक, मुळक म्हणजे पैठणचा भाग, सुरठ म्हणजे सौराष्ट्र, कुकुर, अपरांत म्हणजे कोकण, अनूप म्हणजे नर्मदाकाठ, विदर्भ, आणि आकर-अवंती म्हणजे विदिशा-उज्जैनचा माळवा. याचा तो राजा. पर्वतांच्या यादीत मात्र विंध्य, सह्याद्री, कण्हगिरी यांच्याबरोबर पार पूर्वेकडचा महेंद्र आणि दक्षिणेचा मलय येतात. 'ज्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालं' हे विशेषणही त्याच सुरातलं. माझा निष्कर्ष: राज्य म्हणून प्रदेशांची यादी धरा, पर्वत आणि समुद्र कीर्ती म्हणून. शिक्षकांनी फळ्यावर नकाशा काढताना हा फरक केला तर निम्मे वाद संपतील.

त्याच लेखात त्याला शक, यवन आणि पह्लव यांचा नाश करणारा, क्षहरात वंश निःशेष करणारा आणि सातवाहन कुळाचं यश पुन्हा प्रस्थापित करणारा म्हटलंय. 'पुन्हा' या शब्दातच आधीचा पडता काळ आला. चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला असंही म्हटलंय. हे वाक्य हल्ली दोन्ही बाजूंनी फार खेचलं जातं. लेणं भिक्षूंना दिलेलं आहे, आणि कान्हेरीच्या लेखावरून दिसतं की याच घराण्यातल्या वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक क्षत्रपांच्या घरातली, महाक्षत्रपाची मुलगी होती. घोषणा आणि घरातली लग्नं यांत एवढं अंतर असेल, तर एका विशेषणावरून राजाचं समाजधोरण ठरवू नका.

शालिवाहन शकाबद्दल थोडक्यात. तो इ.स. ७८ पासून मोजला जातो. गौतमीपुत्राने, त्याच्या मुलाने किंवा कोणत्याही सातवाहनाने तो वापरलेला नाही. ते आपापली राज्यवर्षं मोजत, वर पाहिलंच. हा शक वापरला तो क्षत्रपांनी, चष्टन आणि रुद्रदामन यांच्या घराण्याने. 'शालिवाहन' हे नाव त्याला कित्येक शतकांनंतर चिकटलं. पैठणच्या कुंभाराच्या घरी वाढलेल्या मुलाने मातीच्या सैन्यात प्राण फुंकले, ही पाडव्याची गोष्ट सुंदर आहे. ती गोष्ट म्हणून सांगा, गौतमीपुत्राचा जन्मप्रसंग म्हणून नको.

तारखांचा घोळ इथूनच येतो. नहपानाच्या काळातल्या लेखांत ४१, ४२, ४५, ४६ अशी वर्षं आहेत. ती शक संवताची धरली तर तो इ.स. १२४ पर्यंत येतो आणि गौतमीपुत्र दुसऱ्या शतकात जातो. ती त्याची स्वतःची राज्यवर्षं धरली तर दोघेही पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात बसतात. जुनी पुस्तकं पहिलं धरतात. नाण्यांवर काम करणाऱ्यांचा कल आता दुसऱ्याकडे आहे, आणि माझाही, कारण तो ग्रीक दर्यावर्दी पहिल्या शतकातला आणि नहपान त्याला समकालीन राजा म्हणून माहीत आहे. रंगमंचावर साल सांगू नका. 'राज्याचं अठरावं वर्ष' एवढंच सांगा, ते वादातीत आहे.

कल्पनेला वाव हवाच असेल तर एक जुनी जैन कथा देतो. भडोचचा राजा नहवाहन खजिन्याने श्रीमंत, पैठणचा सालिवाहन सैन्याने. सालिवाहन दर वर्षी वेढा घालतो आणि हात हलवत परत जातो, कारण नहवाहन आपल्या सैनिकांवर पैसा उधळतो. शेवटी सालिवाहन आपल्या मंत्र्याला खोटंच हाकलून देतो. तो मंत्री नहवाहनाकडे जाऊन विश्वास मिळवतो आणि त्याला पुण्य जोडायला लावतो: देवळं, तळी, दानधर्म. खजिना रिकामा होतो, मग सालिवाहन येतो आणि भडोच पडतं. कथा पुष्कळ नंतरची आहे आणि तिच्यात गौतमीपुत्राचं नाव नाही. पण उषवदाताच्या दानांची यादी वाचून ही कथा वाचली की अंगावर काटा येतो. सूत्रधाराच्या तोंडी, 'लोक असं सांगतात' म्हणून घाला.

विजय कायमचा ठरला नाही, हेही गाळू नका. गिरनारच्या पायथ्याशी शक ७२ चा, म्हणजे इ.स. १५० चा रुद्रदामनाचा लेख आहे. त्याच्या राज्याच्या यादीत आकर-अवंती, अनूप, सुराष्ट्र, कुकुर, अपरांत ही नावं येतात. बलश्रीच्या यादीतलीच. दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा हरवलं, पण जवळच्या नात्यामुळे नष्ट केलं नाही, असं तो म्हणतो. हा सातकर्णी गौतमीपुत्राच्या नंतरचा. मुलाने जिंकलेल्या ज्या मुलखांची नावं आईने कोरून ठेवली, त्यातले कितीतरी पुढच्या पिढ्यांत गेले होते.

म्हणून माझी सूचना अशी. सहाऐवजी चार प्रवेश करा. पहिला पावसातली छावणी. दुसरा टांकसाळ, तिथे एक विणकर आपल्या श्रेणीच्या ठेवीचं काय होणार ते विचारायला आलेला. तिसरा चोविसावं वर्ष: राजा, आई, आणि ओस पडलेल्या गावाची बातमी घेऊन आलेला भिक्षू. चौथा थेट पुळुमावीचं १९वं वर्ष, म्हातारी बलश्री व्हरांड्यात बसून लेखकाला मजकूर सांगतेय, आणि नातू गावाचं दानपत्र घेऊन येतोय. राजाचा मृत्यू दाखवायची गरजच उरत नाही.

तालमी सुरू करण्याआधी जमलं तर मुलांना एकदा लेण्यांवर न्या. आधी दहा नंबरचं लेणं दाखवा, मग तीन नंबरचं. दोन्हीकडचे खांब ताडून बघायला सांगा. विजेत्याच्या लेण्यात हरलेल्याच्या लेण्यातल्या खांबांची घडण उचललेली आहे. वर चढताना पाण्याच्या बाटल्या आणि दोन चांगल्या विजेऱ्या बरोबर ठेवा. विजेरी लेखावर समोरून मारायची नाही, बाजूने तिरपी धरायची, आणि अक्षरांना हात लावायचा नाही.